चार सप्टेंबरची मुदत

फिलाडेल्फियातील एका विद्यापीठात भातरोपांच्या मुळांवर वाढणाऱ्या बुरशीवर काम करण्यासाठी मला दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची) नियुक्ती मिळाली, तेव्हा माझे सारे लक्ष व्हिसा, घर आणि प्रयोगाचे साहित्य यांवर होते. नियुक्तिपत्रात वर्षाला ५४,८४० डॉलर असा आकडा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२२ साठी नवख्या पोस्टडॉकना ठरवून दिलेली ती श्रेणी होती आणि विद्यापीठ तीच पाळत होते. त्या आकड्यातून काय कापले जाणार, कोण कापणार आणि त्यातले काय परत मिळणार याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हते. पुढची तीन वर्षे या एका प्रश्नाने माझा पाठलाग केला. त्या प्रवासात मला जे समजले ते बहुतेक उशिरा समजले, म्हणून अशाच नियुक्तीवर निघालेल्यांसाठी ते सविस्तर लिहीत आहे.

भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर आकारणी टाळण्यासाठी १२ सप्टेंबर १९८९ रोजी नवी दिल्ली येथे करार झाला आणि तो १९९० च्या डिसेंबरमध्ये अमलात आला. त्याचे बाविसावे कलम प्राध्यापक, शिक्षक आणि संशोधक यांच्यासाठी आहे. एका देशाचा रहिवासी दुसऱ्या देशातील विद्यापीठात, महाविद्यालयात किंवा मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थेत शिकवण्यासाठी अथवा संशोधनासाठी दोन वर्षांपेक्षा जास्त नसलेल्या कालावधीसाठी गेला, तर त्या कामाच्या मोबदल्यावर यजमान देश प्राप्तिकर घेणार नाही, असे ते कलम थोडक्यात सांगते. संशोधन सार्वजनिक हिताचे असले पाहिजे, कोणा खासगी व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या फायद्यासाठी प्रामुख्याने केलेले नसावे, ही त्यातली दुसरी अट. मला हे कलम प्रथम कळले ते पुण्यातल्या आमच्याच प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून, आणि तेही एका वाक्यात: ‘दोन वर्षे टॅक्स नाही, निश्चिंत जा.’ त्या वाक्यात चूक काहीच नव्हती. मात्र त्यातले ‘दोन वर्षे’ हे शब्द मी सवलतीची लांबी म्हणून ऐकले, अट म्हणून ऐकले नाहीत.

मी ४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री मुंबईहून निघाले आणि ५ सप्टेंबरला अमेरिकेत उतरले. देवाणघेवाण कार्यक्रमावर येणाऱ्यांसाठीचा जे-१ व्हिसा, संशोधक हा वर्ग, आणि डीएस-२०१९ या कागदावर कार्यक्रमाची अखेर ३१ ऑगस्ट २०२४. पहिल्याच आठवड्यात परदेशी कर्मचाऱ्यांच्या कर नोंदणीसाठी बोलावणे आले. माझ्यासोबत त्या खोलीत त्याच महिन्यात रुजू झालेले दोघे होते, एक काठमांडूचा आणि एक चीनमधून आलेली संशोधिका. काम सारखे, पगार जवळपास सारखा, आणि तरीही तिघांचे कागद तीन तऱ्हांचे. चीनबरोबरच्या करारात शिक्षक आणि संशोधकांना तीन वर्षांची सवलत आहे. नेपाळ आणि अमेरिका यांच्यात असा करारच नाही, त्यामुळे काठमांडूच्या सहकाऱ्याला पहिल्या डॉलरपासून कर लागू होता. तो शांतपणे फॉर्म भरत होता, आणि शेजारी बसून माझ्या फॉर्मवर करमाफीचा रकाना भरताना मला अवघडल्यासारखे झाले होते. देशांनी आपापसांत केलेल्या सौद्यांचा परिणाम एका माणसाच्या पगाराच्या चिठ्ठीवर इतक्या उघडपणे दिसतो, याची जाणीव मला त्या खोलीत प्रथम झाली.

कलमातील ‘भेटीच्या लगेच आधी’ हे शब्दही तपासून घेण्यासारखे आहेत. संशोधक अमेरिकेला जाण्याच्या लगेच आधी भारताचा रहिवासी असावा लागतो. नागपूरची माझी एक मैत्रीण अमेरिकेतच पीएच.डी. करून तिथूनच पोस्टडॉकला लागली होती. अनेक वर्षे तिथे राहून ती तोवर कराच्या दृष्टीने अमेरिकेचीच रहिवासी झालेली असल्यामुळे तिला हे कलम लागू झाले नाही, भारतीय पासपोर्ट असूनही. सवलत नागरिकत्वाला मिळत नाही, आधीच्या निवासाला मिळते. विद्यार्थ्यांसाठीचे एकविसावे कलम वेगळे आहे आणि त्याचे फायदेही वेगळे आहेत. भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिकेत कराच्या दृष्टीने अनिवासी असूनही प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) मिळते ती त्या कलमामुळे, आणि ती पोस्टडॉकला मिळत नाही. म्हणजे बाविसावे कलम हातून गेले, तर अनिवासी पोस्टडॉकला प्रमाणित वजावटीचा आधारही उरत नाही. हा मुद्दा पुढे माझ्या हिशेबात फार महत्त्वाचा ठरला.

सवलत मागण्यासाठीचा फॉर्म ८२३३ या क्रमांकाचा. तो अमेरिकेच्या कर खात्याकडे थेट पाठवायचा नसतो, नोकरी देणाऱ्याकडे द्यायचा असतो. नोकरी देणारी संस्था तो तपासते, सही करते, सही केल्यापासून पाच दिवसांत कर खात्याकडे पाठवते, आणि त्यानंतर दहा दिवस खात्याकडून हरकत येते का याची वाट पाहून मग कपात थांबवते. फॉर्मवर सामाजिक सुरक्षा क्रमांक लागतो. तो क्रमांक मिळायला मला तीन आठवडे लागले, त्यामुळे सप्टेंबरच्या पगारातून संघराज्याचा (फेडरल) कर कापला गेला. तो पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत मिळाला. आणखी एक बारीक गोष्ट अशी की हा फॉर्म एका कॅलेंडर वर्षापुरताच चालतो. डिसेंबर संपत आला की जानेवारीसाठी नवा भरून द्यावा लागतो.

फॉर्मसोबत एक निवेदन जोडावे लागते आणि त्याचा मजकूर कर खात्याने देशवार ठरवून दिलेला आहे. भारतासाठीच्या मजकुरात आगमनाच्या दिवशी मी भारताची रहिवासी होते, अमेरिकेची नागरिक नाही, कायम वास्तव्याचा परवाना मला मिळालेला नाही, याआधी या कराराखाली अशी सवलत घेतलेली नाही, आणि माझे संशोधन सार्वजनिक हिताचे असेल, अशी विधाने एकामागून एक येतात. शेवटी आगमनाची तारीख लिहायची असते आणि त्या तारखेपासून दोन वर्षांपुरतीच ही सवलत आहे हे मान्य करायचे असते. मी ५ सप्टेंबर २०२२ असे लिहिले आणि सही केली. सार्वजनिक हिताच्या वाक्यापाशी मात्र मी थांबले होते, कारण आमच्या प्रयोगशाळेतील एका प्रकल्पाला बियाणे विकणारी एक कंपनी पैसा देत होती. मी प्राध्यापकांना विचारले. माझा पगार संघराज्याच्या अनुदानातून येतो आणि माझे निष्कर्ष खुलेपणाने प्रसिद्ध होणार आहेत, हे त्यांनी मला ईमेलवर लिहून दिले. ती ईमेल मी छापून फाइलला लावून ठेवली. ती कोणी मागितली नाही. परंतु सही माझी होती आणि तिच्याखालचे वाक्य खरे आहे याची खात्री करून घेणे मला आवश्यक वाटले.

पहिली पूर्ण पगारचिठ्ठी ऑक्टोबरच्या अखेरीस हाती आली. ढोबळ पगार ४,५७० डॉलर. संघराज्याचा प्राप्तिकर शून्य. सामाजिक सुरक्षा (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांची एकूण ७.६५ टक्क्यांची कपातही शून्य, कारण जे-१ वरील अनिवासी संशोधकाला ती लागू होत नाही. तिचा या कराराशी संबंध नाही, ती तरतूद अमेरिकेच्या अंतर्गत कायद्यातच आहे. त्याखाली मात्र दोन ओळी भरलेल्या होत्या: पेनसिल्व्हेनिया राज्याचा ३.०७ टक्के प्राप्तिकर आणि फिलाडेल्फिया शहराचा ३.७९ टक्के वेतनकर. दोन्ही मिळून तीनशे तेरा डॉलर आणि वर काही सेंट. दिल्लीत झालेला करार संघराज्याच्या प्राप्तिकरापुरता आहे. राज्यांपैकी अनेक तो मानतात, काही मानत नाहीत, आणि पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया ही न मानणाऱ्यांतली आहेत. ‘टॅक्स नाही’ या वाक्याला लागलेली ही पहिली दुरुस्ती होती, आणि तिने माझे फारसे बिघडले नाही.

मोठी दुरुस्ती मार्च २०२३ मध्ये झाली. वर्ष संपल्यावर दोन कागद आले होते. १०४२-एस या कागदावर कराराखाली माफ झालेला पगार होता आणि शेजारी सवलतीचा संकेतांक. डब्ल्यू-२ या कागदावर संघराज्याच्या वेतनाच्या चौकटीत फक्त सप्टेंबरची रक्कम, तर राज्याच्या वेतनाच्या चौकटीत सर्व चार महिन्यांचा पगार दिसत होता. आकडे जुळत नाहीत असे वाटून मी घाबरले होते. ते जुळायचे नसतातच, हे काठमांडूच्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून दोघांचे कागद ताडून पाहिल्यावर ध्यानात आले. अनिवासींसाठीचे १०४०-एनआर हे विवरणपत्र आणि त्यासोबत अमेरिकेतले दिवस मोजणीतून वगळण्यासाठीचे ८८४३ हे निवेदन मला भरायचे होते. विवरणपत्राच्या शेवटच्या भागात करार कोणत्या देशाचा, कलम कोणते, आधीच्या वर्षांत किती महिने सवलत घेतली आणि या वर्षी किती रक्कम माफ झाली, हे विचारलेले असते. ते नीट भरावे म्हणून मी कर खात्याची ९०१ क्रमांकाची पुस्तिका उघडली आणि भारताच्या परिच्छेदातील एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. भेट दोन वर्षांपेक्षा लांबली, तर सवलत संपूर्ण भेटीसाठी रद्द होते, असा त्याचा अर्थ होता.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की दोन वर्षे कर नाही आणि तिसऱ्या वर्षापासून कर सुरू. चीनच्या सहकारिणीच्या बाबतीत साधारण तसेच होते: तीन वर्षे उलटली की पुढे कर, मागचे मागे राहिले. भारताच्या बाबतीत मात्र दोन वर्षांची मर्यादा ओलांडली, की मागच्या प्रत्येक महिन्याचा माफ झालेला कर व्याजासह परत भरावा लागतो. जर्मनी आणि ब्रिटन यांच्या करारांतही अशीच मागे जाणारी अट आहे. करारातील कलमाचे वाक्य मी नंतर मुळातून वाचले तेव्हा दिसले की ते आधी भेटीचे वर्णन करते आणि मग सवलत देते. भेटच दोन वर्षांहून मोठी असेल, तर त्या भेटीला ते कलम लागू होत नाही.

त्या संध्याकाळी मी कागदावर हिशेब मांडला. अनिवासी म्हणून प्रमाणित वजावट नाही, राज्य आणि शहराच्या कराची वजावट तेवढी मिळणार. २०२२ च्या चार महिन्यांवर सुमारे १,७५० डॉलर, २०२३ च्या पूर्ण वर्षावर सुमारे ६,६५० आणि २०२४ च्या आठ महिन्यांवर सुमारे चार हजार. एकूण बारा हजार डॉलरांच्या वर. त्याखेरीज व्याज, ज्याचा दर २०२३ च्या अखेरीस आठ टक्क्यांवर गेला. पहिल्या सहा महिन्यांत वाचलेले पैसे मी कोथरूडच्या घराच्या कर्जात भरण्यासाठी भावाकडे पाठवले होते. त्या रात्री त्याला फोन करून सांगितले की यापुढे पाठवणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत एक वेगळे बचत खाते उघडून दरमहा पाचशे पन्नास डॉलर त्यात टाकण्याची व्यवस्था केली. जोवर मी मुदतीत देश सोडून गेलेली नाही, तोवर ही रक्कम माझी नाही, असे मी तेव्हा ठरवले आणि त्यानंतर त्या खात्याला हात लावला नाही. विद्यापीठाने दिलेल्या माहितीपत्रात ‘दोन वर्षांपर्यंत करमाफी’ एवढेच होते. मागे जाणाऱ्या अटीचा उल्लेख त्यात असायला हवा होता असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जे-१ संशोधकाला व्हिसाच्या नियमांनुसार पाच वर्षांपर्यंत राहता येते आणि मुदतवाढ घेणे ही पोस्टडॉकच्या आयुष्यातली नेहमीची गोष्ट आहे.

२०२४ च्या जानेवारीत नवी अडचण आली. कराच्या दृष्टीने निवासी कोण हे ठरवताना जे-१ संशोधकाचे अमेरिकेतील दिवस साधारणपणे पहिली दोन कॅलेंडर वर्षे मोजले जात नाहीत. माझी ती दोन वर्षे म्हणजे २०२२ आणि २०२३. पहिले वर्ष चारच महिन्यांचे असले तरी ते पूर्ण वर्ष म्हणून खर्ची पडते. त्यामुळे १ जानेवारी २०२४ पासून दिवस मोजणे सुरू झाले, आणि ऑगस्टअखेरपर्यंत राहणार म्हणजे निवासी ठरण्यासाठी लागणारे १८३ दिवस भरणारच, म्हणून पगार विभागाने मला वर्षाच्या आरंभापासून कराच्या दृष्टीने निवासी ठरवले. इथपर्यंत ते बरोबर होते. सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरची कपात लागू झाली, महिन्याला साडेतीनशे डॉलरांहून अधिक, आणि भारताशी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे आठ महिन्यांची ती रक्कम गेली ती गेलीच. परंतु त्याचबरोबर त्यांनी संघराज्याचा प्राप्तिकरही कापायला सुरुवात केली. ‘तुम्ही आता निवासी आहात, करार अनिवासींसाठी असतो,’ असे उत्तर मिळाले.

हे उत्तर ऐकायला पटण्याजोगे असले तरी चुकीचे होते. करारातील पहिल्या कलमात अमेरिकेने स्वतःच्या रहिवाशांवर करार नसल्याप्रमाणे कर लावण्याचा हक्क राखून ठेवला आहे. त्याच कलमाच्या पुढच्या परिच्छेदात त्या हक्काला अपवाद दिले आहेत, आणि जे अमेरिकेचे नागरिक नाहीत व ज्यांना तिथे स्थलांतरिताचा दर्जाही नाही अशा लोकांसाठी बाविसावे कलम त्या अपवादांत आहे. निवासी झाल्यावर बदलतो तो फॉर्म. ८२३३ च्या जागी डब्ल्यू-९ द्यायचा आणि त्याला जोडून देश, कलम, अपवादाचा परिच्छेद, उत्पन्नाचा प्रकार व रक्कम, आणि आपण पात्र असल्याची वस्तुस्थिती, अशा पाच गोष्टी लिहून द्यायच्या. मी ते लिहून दिले. पहिल्यांदा परत आले. दुसऱ्यांदा मी डब्ल्यू-९ च्या अधिकृत सूचनांचे ते पान आणि कराराची दोन पाने जोडली, संबंधित ओळींखाली पेन्सिलीने रेघ ओढली, आणि स्वतः जाऊन दिले. तिथल्या अधिकारी बाईंनी माझ्यासमोर ती पाने सावकाश वाचली, वरिष्ठांना दाखवली, आणि मार्चच्या पगारापासून कपात थांबली. जानेवारी आणि फेब्रुवारीत कापलेला कर त्यांनी त्याच वर्षातल्या पुढच्या पगारांत वळता केला. त्यांनी वाचण्याची तयारी दाखवली याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. तरीही हे काम पगार विभागाचे होते, भातावरच्या बुरशीचा अभ्यास करणाऱ्याचे नव्हते.

मे महिन्यात प्राध्यापकांनी तिसऱ्या वर्षाविषयी विचारले. त्यांच्याकडे अनुदान होते आणि काम रंगात आले होते. मी त्यांना हिशेबाचा कागद दाखवला. त्यांना या अटीची कल्पना नव्हती. त्यांच्या हाताखालून अनेक भारतीय पोस्टडॉक गेले होते आणि त्यांतील काही तीन-चार वर्षे राहिले होते. त्यांनी काय केले असेल, हा प्रश्न आम्हा दोघांच्याही मनात आला आणि आम्ही तो तिथेच ठेवला. माझ्यापुरते मला परत यायचेच होते, आई एकटी होती आणि पुण्यात एका संस्थेत जागेची शक्यता दिसत होती, त्यामुळे तिसरे वर्ष नाकारणे तितके जड गेले नाही. जड गेले ते तीन आठवडे.

झाले असे की जुलैअखेर रोपवाढीच्या एका कक्षातील तापमान नियंत्रण बिघडले आणि शेवटच्या प्रयोगाची सगळी रोपे सुकली. नव्याने पेरणी करावी लागली. भाताच्या रोपाच्या मुळावर बुरशीची लागण करून ती मोजण्यायोग्य होईपर्यंत जो काळ लागतो त्यात घाई करता येत नाही. मोजणी २० सप्टेंबरच्या सुमारास येत होती. व्हिसाच्या नियमांनुसार कार्यक्रम संपल्यावर तीस दिवस राहता येते, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत मी कायदेशीरपणे तिथे राहू शकत होते, पगाराशिवाय का होईना. अनेकांनी तसेच सुचवले. परंतु कराराची दोन वर्षे ४ सप्टेंबरला संपत होती आणि कलमात शब्द ‘भेट’ असा आहे, ‘नोकरी’ असा नाही. विनावेतन राहिले तरी भेट लांबलीच असती. व्हिसा सांगत होता ३० सप्टेंबर आणि करार सांगत होता ४ सप्टेंबर. ४ सप्टेंबर ही तारीख ओलांडली तर कोणी विमानतळावर अडवणार नव्हते, पण बारा हजार डॉलरांचे माझे निवेदन खोटे ठरणार होते.

मी १ सप्टेंबरचे तिकीट काढले. ३१ ऑगस्टच्या दुपारी काठमांडूच्या सहकाऱ्याला कक्षात घेऊन गेले आणि चार फळ्यांवरची शहाण्णव रोपे एकेक करून दाखवली: कोणत्या ट्रेमध्ये लागण केलेली, कोणत्या ट्रेमध्ये न केलेली, पाणी किती मिलिलिटर, मुळे धुताना कोणत्या बोटांनी धरायची म्हणजे केसमुळे तुटत नाहीत. रोपे तेव्हा दोन पानांची होती. त्याने वहीत सारे उतरवून घेतले आणि पुढे तीन आठवडे ते काम स्वतःचे असल्यासारखे केले. त्या शोधनिबंधात त्याचे नाव माझ्यानंतर लगेच आहे, आणि तो क्रम त्याने कमावलेला आहे.

अमेरिकेचे शेवटचे विवरणपत्र मी पुण्यातून भरले. वर्षाचा पहिला भाग निवासी आणि उरलेला अनिवासी अशी दुहेरी स्थिती असल्याने मुख्य विवरणपत्र १०४०-एनआर आणि निवासी काळाचे विवरण म्हणून सोबत १०४०, असे दोन्ही टपालाने पाठवावे लागले. विमानाचे तिकीट, पासपोर्टवरचे शिक्के आणि आय-९४ या येण्याजाण्याच्या नोंदीची प्रत मी फाइलमध्ये जपून ठेवली आहे, कारण दोन वर्षांच्या आत निघाल्याचा पुरावा म्हणजे तेवढेच कागद. बचत खात्यातली रक्कम मग भावाकडे गेली.

जून २०२५ मध्ये भारतातील विवरणपत्रासाठी मी वडिलांचे जुने स्नेही असलेल्या चार्टर्ड अकाउंटंट काकांकडे सदाशिव पेठेत गेले. संस्थेचा जानेवारीपासूनचा पगार, त्यावरचा टीडीएस, दहा मिनिटांचे काम, अशी माझी कल्पना होती. काकांनी पासपोर्ट मागितला. शिक्के पाहून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघता, बोटांच्या पेरांवर त्यांनी दिवस मोजले आणि वहीच्या कोपऱ्यात २११ असा आकडा लिहिला. २ सप्टेंबर २०२४ ते ३१ मार्च २०२५ एवढे दिवस मी भारतात होते. १८२ च्या वर, म्हणजे त्या संपूर्ण आर्थिक वर्षासाठी मी निवासी. त्याआधीची सात वर्षे पाहिली, तर त्यांतील बहुतेक काळ मी भारतातच होते, त्यामुळे ‘सामान्यतः निवासी नसलेला’ हा मधला दर्जाही मिळत नव्हता.

‘मग एप्रिल ते ऑगस्टचा तिकडचा पगार इकडे दाखवावा लागेल,’ ते म्हणाले.

‘पण काका, तो तर कराराने माफ आहे.’

‘अगं, माफ कुणी केला? अमेरिकेने. आपण कुठे केलाय?’

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बाविसावे कलम यजमान देशाचा हात थांबवते. मायदेशाने काय करावे हे ते सांगत नाही. त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांत मी अनिवासी होते. २०२२-२३ मध्ये नोकरीसाठी देश सोडण्यापूर्वी माझे १५७ दिवस भरले होते आणि अशा माणसासाठी मर्यादा १८२ ची असते, त्यामुळे त्या काळातला अमेरिकेतील पगार भारताच्या कक्षेबाहेर राहिला. २०२४-२५ मध्ये मात्र परत आल्यामुळे संपूर्ण वर्ष निवासी ठरले, आणि वर्षाचे दोन तुकडे करण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. पाच महिन्यांचा पगार, प्रत्येक महिन्यासाठी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या स्टेट बँकेच्या खरेदी दराने रुपयांत बदलून, साडेएकोणीस लाखांच्या आसपास गेला. नव्या करप्रणालीत एकूण कर सुमारे ३ लाख ४० हजार, आणि आगाऊ कर न भरल्याचे व्याज वेगळे. अमेरिकेत काहीच प्राप्तिकर भरला नसल्याने परदेशी कराचे श्रेय घेण्यासारखे काही नव्हते. राज्य आणि शहराला भरलेल्या कराचे श्रेय हा वादाचा विषय आहे, कारण कराराने व्यापलेला अमेरिकी कर संघराज्याचा तेवढाच आहे. तो दावा आम्ही केला नाही. अमेरिकेतील बँक खात्यांची माहिती परकीय मालमत्तेच्या अनुसूचीत भरली आणि कर भरून टाकला. त्या पाच महिन्यांचा कर मी अमेरिकेत भरला असता, तर तो याहून कमी झाला असता. तरीही तो भारतात भरावा लागला याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते एवढेच की ही गोष्ट नियुक्तिपत्र आले त्या दिवशी कॅलेंडर पुढे घेऊन पाच मिनिटांत कळण्यासारखी होती. मी सप्टेंबरऐवजी फेब्रुवारीत रुजू होऊन फेब्रुवारीतच परत आले असते, तर परतीच्या आर्थिक वर्षात माझे साठ दिवसही भरले नसते आणि त्या वर्षी मी भारतात निवासी ठरलेच नसते.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या संस्थेतील एक तरुण सहकारी, मूळचा कोल्हापूरचा, ओहायोमधील नियुक्तिपत्र घेऊन माझ्याकडे आला. रुजू होण्याची तारीख १५ ऑक्टोबर होती. आम्ही दोघे कॅन्टीनमध्ये बसलो आणि एका कागदावर दोन आडव्या रेघा ओढल्या, एक एप्रिल ते मार्च अशी तोडलेली आणि दुसरी जानेवारी ते डिसेंबर अशी. त्यांवर त्याची येण्याची आणि जाण्याची तारीख सरकवून पाहत राहिलो. चहा दोनदा मागवून झाला. शेवटी त्याने तिथूनच प्राध्यापकांना पत्र लिहिले की १० फेब्रुवारीला रुजू झालो तर चालेल का. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आले होते, चालेल असे.